विद्यापीठाचं मेन्यूकार्ड कुठंय?

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

 

आजचा विषय नाव ऐकून जरा जड वाटेल. एंटरप्राइज आर्किटेक्चर वापरून विद्यापीठाच्या सेवांची सूची कशी लावायची. थांबा, लगेच स्किप करू नका! कारण हा विषय तुमच्या मार्कशीटचा आहे, मायग्रेशनचा आहे, आणि परदेशी अ‍ॅडमिशनच्या डेडलाइनच्या आठ दिवस आधी उडणाऱ्या झोपेचा आहे.

एक साधा प्रश्न विचारतो. तुमचं विद्यापीठ तुमच्यासाठी नेमकी कोणकोणती कामं करून देतं, याची पूर्ण यादी तुम्ही कधी पाहिलीय? काम, फी, लागणारी कागदपत्रं, किती दिवस, अर्ज कुठे करायचा, आणि नाही झालं तर कुणाकडे जायचं. एका जागी, मोबाइलवर नीट वाचता येईल अशी?

बहुतेकांची यादी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. "ट्रान्सक्रिप्ट कुणी काढलंय का?" असा मेसेज टाकायचा. मग कुणीतरी सांगतं, मागच्या वर्षी काढलं होतं, तीन नंबरच्या खिडकीवर जा, दुपारच्या जेवणाआधी जा, आणि झेरॉक्सचे दोन सेट ने. दुसरा म्हणतो, आता सगळं ऑनलाइन झालंय. तिसरा म्हणतो, माझे काका तिथे ओळखतात एकाला.

हा तिसरा माणूस लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग त्याच्याभोवती आहे. जिथे यादी नसते, तिथे ओळख चालते. ज्याची ओळख आहे त्याचं काम एका फोनवर होतं. ज्याची नाही, तो सुरगाण्याहून पुण्याला येतो, खिडकीवर कळतं की एक कागद कमी आहे, आणि परत जातो. एका फेऱ्याला अख्खा दिवस, एसटीचं भाडं, आणि घरचं कुणी सोबत असेल तर त्याची त्या दिवसाची मजुरी. म्हणून मला सेवांची सूची हा आयटीवाल्यांचा छंद वाटत नाही. ती सरळसरळ न्यायाची गोष्ट वाटते.

सेवा म्हणजे काय?

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. विद्यापीठाची वेबसाइट उघडा. मेन्यूत काय दिसतं? परीक्षा विभाग, पात्रता विभाग, वित्त व लेखा विभाग, विद्यार्थी विकास मंडळ. ही खाती आहेत. कुठे लिहिलेलं असतं, 'ईआरपी लॉगिन', 'स्टुडंट पोर्टल'. ती सॉफ्टवेअर आहेत. यातली एकही गोष्ट सेवा नाही.

सेवा ओळखायची सोपी कसोटी सांगतो. "मला अमुक हवंय" या वाक्यात जे बसतं, ती सेवा. "मला ट्रान्सक्रिप्ट हवंय" हे बसतं. "मला नावातली चूक दुरुस्त करून हवीय" हेही बसतं. "मला पात्रता विभाग हवाय" असं कुणी म्हणतं का? त्या विभागात जावं लागतं, ते वेगळं.

मग वेबसाइटवर खातीच का दिसतात? याचं उत्तर १९६८ साली मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरने एका लेखात देऊन ठेवलंय. त्याचं म्हणणं असं, की कुठलीही संस्था जेव्हा एखादी सिस्टिम बनवते, तेव्हा त्या सिस्टिमचा आकार संस्थेच्या आतल्या संवादाच्या आकारासारखाच निघतो. आज आपण त्याला कॉनवेचा नियम म्हणतो. विद्यापीठात खाती जशी एकमेकांपासून वेगळी बसतात, तशीच ती वेबसाइटवरही वेगळी बसतात. आणि या खात्यातून त्या खात्यात कागद नेण्याचं काम कोण करतं? तुम्ही! विद्यार्थी हाच विद्यापीठाचा शिपाई.

आपल्याकडे याला अजून एक पदर आहे, संलग्न कॉलेजांचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच बघा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं त्याच्याखाली येतात. बोनाफाइड कॉलेज देतं. लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेज देतं. डिग्री आणि मायग्रेशन विद्यापीठ देतं. पात्रतेचं काम कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे जातं. फर्स्ट इयरच्या मुलाला ही सीमारेषा माहीत असायचं कारणच काय? त्याच्यासाठी सगळं मिळून 'कॉलेज' आहे. म्हणून सूची करायची तर ती ही रेषा ओलांडणारी हवी. दार कुठलं ते सूचीने सांगावं, विद्यार्थ्याने शोधत बसू नये.

मेन्यूकार्ड आणि स्वयंपाकघर

सर्व्हिस कॅटलॉग, म्हणजे सेवांची सूची, ही कल्पना आयटी व्यवस्थापनात जुनी आहे. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने सरकारी आयटी नीट चालावं म्हणून चांगल्या पद्धती गोळा करायला घेतल्या, त्यातून आयटीआयएल उभं राहिलं. सूचीचे दोन चेहरे असतात ही गोष्ट तिथे नीट मांडलेली आहे. एक चेहरा ग्राहकासाठी, दुसरा आतल्या माणसांसाठी.

हॉटेलचं उदाहरण घ्या. मेन्यूकार्डावर लिहिलंय, मिसळपाव, एवढे रुपये. तुम्हाला एवढंच पुरतं. पण आत स्वयंपाकघरात माहीत असावं लागतं की मटकी आदल्या दिवशी भिजवली का, कट कोण करतं, पाव कुठल्या बेकरीतून येतो, आणि बेकरी बंद असेल तर काय. आत हे काहीच ठरलेलं नसेल, तर बाहेरचं कार्ड कितीही चकचकीत छापा, वेटर येऊन सांगणारच, "मिसळ संपली."

विद्यापीठांसाठी असं मेन्यूकार्ड कसं दिसावं, याचे नमुनेही तयार आहेत. अमेरिकेतल्या एज्युकॉज या संस्थेने २०१५ साली उच्च शिक्षणातल्या आयटी सेवांच्या सूचीचा एक नमुना प्रसिद्ध केला. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. वर मोठा गट, त्याखाली सेवा, आणि त्याखाली त्या सेवेचे प्रत्यक्ष मिळणारे प्रकार. त्यांचा नमुना फक्त आयटी सेवांपुरता आहे, पण तीन पायऱ्यांची कल्पना आपल्या कामाची आहे. गट: 'माझी कागदपत्रं'. सेवा: 'ट्रान्सक्रिप्ट'. प्रकार: 'छापील प्रत पोस्टाने', 'डिजिटल प्रत थेट परदेशी संस्थेला', 'जुन्या बॅचसाठी, जेव्हा निकाल कंप्युटरवर नव्हते'. प्रत्येक प्रकाराची फी वेगळी, दिवस वेगळे. हे वेगळे केले नाहीत तर काय होतं? विद्यापीठ सगळ्यांना एकच मोघम उत्तर देतं: "वेळ लागेल."

यादी मरते कशी

आता मुद्द्याचं. यादी बनवणं तसं अवघड नाही. नॅकची टीम येणार असली की आठ दिवसांत होते! एक्सेल फाइल, सुंदर रंग, वर लोगो. पुढच्या वर्षी फी बदलते. पेमेंट गेटवे बदलतो. ज्या मॅडमचा नंबर यादीत आहे त्या निवृत्त होतात. यादी मात्र तिथेच, तशीच. आणि चुकीची यादी ही यादी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी प्रवास करतं.

यादी मरते कारण ती कशालाच बांधलेली नसते. आत काही बदललं, तर यादीतली कुठली ओळ बदलायला हवी हे कुणालाच कळत नाही. ही बांधणी करून देणारं शास्त्र म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर.

नावाला घाबरू नका. १९८७ साली आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी एक लेख लिहिला. त्यांचं निरीक्षण असं, की इमारत बांधताना मालकाला, वास्तुविशारदाला आणि बांधणाऱ्याला एकाच इमारतीची वेगवेगळी चित्रं लागतात. माहितीच्या सिस्टिमचंही तसंच असतं. पुढे १९९५ साली द ओपन ग्रुप या संस्थेचं टोगॅफ आलं, म्हणजे हे काम टप्प्याटप्प्याने कसं करायचं त्याची पद्धत. आणि ही चित्रं काढायची एक ठरावीक भाषा आहे, आर्किमेट, ती मूळ नेदरलँड्समध्ये तयार झाली. आर्किमेटमध्ये तीन मुख्य थर असतात. वरचा कामकाजाचा, मधला सॉफ्टवेअरचा, खालचा यंत्रांचा.

आपलं ट्रान्सक्रिप्ट या तीन थरांतून नेऊन बघू.

वरचा थर, कामकाज. अर्ज येतो. फी जमा झाली का ते बघतात. सगळ्या सेमिस्टरचे गुण काढतात. कुणीतरी पडताळतं. प्रत तयार होते, सही-शिक्का होतो. लिफाफा बंद होतो किंवा फाइल अपलोड होते. प्रत्येक पायरीला एक पद जोडलेलं. इथे पद लिहायचं, माणसाचं नाव लिहायचं नाही. माणूस बदलीवर जातो, पद राहतं.

मधला थर, सॉफ्टवेअर. अर्जाचं पोर्टल, पेमेंटची सिस्टिम, निकालाचा डेटाबेस. आणि हो, जुन्या बॅचचे गुण ज्या जाडजूड रजिस्टरमध्ये आहेत, ते रजिस्टरसुद्धा नकाशावर यायलाच हवं. ते सॉफ्टवेअर नाही म्हणून सोडलं, तर नेमकं जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो तेच अदृश्य राहतं.

खालचा थर, यंत्रं. सर्व्हर, एसएमएस पाठवणारी यंत्रणा, ज्या कपाटात ती रजिस्टरं आहेत ते कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली. हसू नका, किल्ली खरंच महत्त्वाची. "साहेब रजेवर आहेत" या वाक्याचा तांत्रिक अर्थ असा, की एका सेवेचा अख्खा रस्ता एकाच माणसाच्या खिशातून जातो. नकाशा काढला की हे लगेच दिसतं. दुसरी किल्ली करायला काही कोटींचं टेंडर लागत नाही.

नकाशावरून काय दिसतं

आता असेच नकाशे मायग्रेशनचे काढा, डुप्लिकेट मार्कशीटचे काढा, नोकरी देणाऱ्या कंपनीला पदवी पडताळून देण्याच्या कामाचे काढा. आणि चारही शेजारी ठेवा. दिसेल की चारही सेवांच्या पोटात एकच काम आहे: या मुलाची शैक्षणिक नोंद शोधून ती खरी असल्याची खात्री करणं. चार खिडक्या, चार अर्ज, चार वेळा आधार कार्डची झेरॉक्स, आणि आत काम एकच.

आर्किटेक्चरच्या भाषेत याला क्षमता म्हणतात. 'शैक्षणिक नोंदी सांभाळणं' ही विद्यापीठाची एक क्षमता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या विद्यापीठांच्या आयटी प्रमुखांची कॉडिट नावाची संस्था आहे, आणि ब्रिटनमध्ये युसिसा. दोघांनी विद्यापीठाला लागणाऱ्या क्षमतांचे तयार नकाशे बनवलेत. शिकवणं, संशोधन, प्रवेश, परीक्षा, पैसा, माणसं, सगळं एका मोठ्या तक्त्यावर. कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची गरज नाही. तो तक्ता घ्यायचा, आणि आपल्या संलग्न कॉलेजांच्या पद्धतीप्रमाणे त्यात बदल करायचे.

दुसरी गोष्ट दिसते ती परिणामांची. उद्या पेमेंट सिस्टिम बंद पडणार असेल, तर कुठल्या सेवा थांबतील? नकाशा असेल तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि त्या सेवांच्या पानावर आदल्या दिवशीच सूचना लावता येते. नकाशा नसेल तर हे उत्तर विद्यार्थी शोधून काढतात, रात्री साडेअकराला, फॉर्म भरताना.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. काही सेवा मुळात लागूच नयेत. नॅशनल अ‍ॅकॅडमिक डिपॉझिटरीमुळे अनेक विद्यापीठांची मार्कशीट आणि डिग्री आता डिजिलॉकरवर मिळते. तिथे सूचीने स्पष्ट सांगावं, "आधी डिजिलॉकर बघा, असेल तर अर्ज करू नका." पण सोबत हेही सांगावं, की परदेशातल्या बऱ्याच मूल्यमापन संस्था ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडूनच मागतात, तिथे तुम्ही स्वतः डाउनलोड केलेली प्रत चालेलच असं नाही. अशी एक ओळ कुणाचं तरी अख्खं सेमिस्टर वाचवते.

कायदा आहे की!

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण विद्यापीठ कशाला करेल? तर मंडळी, अर्धं काम कायद्याने आधीच सांगून ठेवलंय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. हा कायदा सार्वजनिक प्राधिकरणांना सांगतो, की तुम्ही देत असलेल्या सेवा अधिसूचित करा. प्रत्येक सेवेपुढे लिहा: किती दिवसांत देणार, पदनिर्देशित अधिकारी कोण, आणि वेळेत नाही दिली तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे. राज्यातल्या काही विद्यापीठांच्या वेबसाइटवर असे तक्ते आहेतही, एखाद्या कोपऱ्यातल्या पीडीएफमध्ये, बहुतेकदा स्कॅन केलेल्या.

पण या कायद्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज सगळ्या बाबतीत पूर्ण असेल तेव्हापासून. कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही! आता विचार करा. कोणते कागद लागतात हेच जर नीट लिहिलेलं नसेल, तर तुमचा हक्क कागदावर असूनही सुरू होत नाही. अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत, पुन्हा 'अपूर्ण' म्हणून परत, आणि विद्यापीठाच्या हिशेबात उशीर शून्य दिवसांचा. म्हणून सूचीतला 'लागणारी कागदपत्रं' हा रकाना मला सगळ्यात किमतीचा वाटतो. तुमच्या हक्काचं घड्याळ त्याच रकान्यावर चालतं.

आणि कायदा मागतो तो फक्त बाहेरचा तक्ता, म्हणजे मेन्यूकार्ड. आत किती हात आहेत, किती पायऱ्या आहेत, हे न बघता 'सात दिवस' लिहिलं, तर ते सात दिवस आतल्या क्लार्कच्या मानगुटीवर बसतात. रिकाम्या जागा भरलेल्या नाहीत, दोन माणसं पंधरा सेवा ओढतायत, हेही नकाशाच दाखवतो. एक मान्य करतो, सूची केल्याने रिकामी पदं भरली जात नाहीत. पण "स्टाफ कमी आहे" हे खिडकीवरचं वाक्य, "या पाच सेवा या एका पदावर अडकल्यात" असं व्यवस्थापन परिषदेसमोर मांडता येतं. पहिल्या वाक्यावर फक्त भांडण होतं. दुसऱ्यावर निर्णय घेता येतो.

सुरुवात कशी करायची

महागडं टूल नको. मी जर उद्या कुठल्या कॉलेजात हे करायला बसलो, तर असं करेन.

पहिलं, तीन दिवस खिडकीजवळ खुर्ची टाकून बसेन, आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेईन. सूचीतली नावं त्यातून येतील. लोक 'एलसी' म्हणतात, 'टीसी' म्हणतात, 'दाखला' म्हणतात. कुठलाही शब्द शोधला तरी त्याच पानावर पोचलं पाहिजे.

दुसरं, सगळ्यात जास्त मागणी असलेल्या फक्त दहा सेवा घेईन. दोनशेच्या मागे लागलं की एकही धड होत नाही.

तिसरं, एका स्प्रेडशीटमध्ये चार पानं. सेवा, कामाच्या पायऱ्या, सॉफ्टवेअर आणि रजिस्टरं, पदं. आणि कुठली ओळ कुठल्या ओळीला जोडलेली आहे ते लिहायचं. झालं तुमचं पहिलं एंटरप्राइज आर्किटेक्चर!

चौथं, एक नियम. फी, फॉर्म, सॉफ्टवेअर किंवा पद बदललं, तर त्याला जोडलेल्या सेवांची पानं बदलल्याशिवाय तो बदल 'पूर्ण झाला' असं म्हणायचं नाही. परिपत्रक काढतानाच खाली लिहायचं, सूचीतल्या कुठल्या पानांवर परिणाम होतो. आणि प्रत्येक पानावर 'शेवटचं तपासलं' अशी तारीख.

पाचवं, प्रत्येक सेवेची स्वतंत्र लिंक, मोबाइलवर उघडणारी, मराठीत. म्हणजे ग्रुपवर कुणी विचारलं, "ट्रान्सक्रिप्ट कुणी काढलंय का?" तर उत्तरात काकांचा नंबर न येता लिंक येईल.

शेवटी एक विनंती, खास कंप्युटर आणि आयटीच्या फायनल इयरवाल्यांना. दर वर्षी तेच प्रोजेक्ट होतात. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, हॉटेल बुकिंग, अटेंडन्स अ‍ॅप. व्हायव्हा झाला की ती सीडी कपाटात. या वर्षी चार जणांचा ग्रुप करा आणि आपल्याच कॉलेजच्या दहा सेवांचा नकाशा काढा. ऑफिसमधल्या लोकांशी बोला, आणि त्यांच्या अडचणीही लिहा, कारण सगळी अडवणूक मुद्दाम केलेली नसते. प्राचार्यांना दाखवा. जमलं तर ज्युनियर्सच्या हातात सोपवून जा.

कोडिंग कमी होईल, एक्स्टर्नल कदाचित विचारेल, "यात एआय कुठंय?" त्यांना शांतपणे सांगा, सर, आधी यादी तर करू.

तुमच्या विद्यापीठात अशी चांगली सूची असेल तर लिंक कमेंटमध्ये टाका, मला खरंच बघायचीय. आणि नसेल, तर तुम्हाला सगळ्यात जास्त फिरवणारं एक काम लिहा, लागलेल्या कागदपत्रांच्या यादीसकट. पुढच्या मुलाला तेवढं तरी मिळेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कागदपत्रांचे स्कॅन करून ठेवा!